एकाच वादनाचे दोन सिग्नल: पुढील रीअ‍ॅम्पिंगसाठी गिटारचा कोरा आणि घडवलेला आवाज एकत्र ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत

इलेक्ट्रिक गिटारच्या ध्वनिमुद्रणात दोन वेगळी कामे एकात मिसळलेली असतात. पहिले काम वादकाच्या हातांचे, म्हणजे सूर, लय, आघात आणि तार दाबण्या-सोडण्याची नेमकी वेळ. दुसरे काम पेडल, अ‍ॅम्प, स्पीकर आणि मायक्रोफोन यांचे, म्हणजे त्या वादनाला मिळालेला रंग. फक्त मायक्रोफोनचा ट्रॅक घेतला, तर दोन्ही कामे कायमची जोडली जातात आणि मिक्सिंगच्या वेळी गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) जास्त झाल्याचे किंवा मधल्या पट्टीत गिटार गायकाच्या आवाजावर चढत असल्याचे लक्षात आले, की पुन्हा वाजवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. यावरचा उपाय म्हणजे गिटारमधून निघालेला कोरा सिग्नल, ज्याला स्टुडिओत ‘ड्राय’ किंवा नुसते ‘डीआय’ म्हणतात, तो घडवलेल्या आवाजाच्या बरोबरीने स्वतंत्र ट्रॅकवर घेणे आणि पुढे गरज पडल्यास तोच सिग्नल पुन्हा अ‍ॅम्पमधून वाजवून नवा आवाज मिळवणे. या दुसऱ्या टप्प्याला रीअ‍ॅम्पिंग म्हणतात. हाताशी असलेल्या साधनांनी हे काम अभियंते पूर्वीपासून करत होते. जॉन क्युनिबर्टी या ध्वनिमुद्रण अभियंत्याने १९९० च्या दशकात ‘रीअ‍ॅम्प’ नावाची खास पेटी बाजारात आणली आणि तिचे व्यापारी नाव पुढे या सबंध पद्धतीचे नाव होऊन बसले.

माझे आग्रहाचे म्हणणे असे, की वाजवताना कानावर पडणाऱ्या आवाजापेक्षा, त्या क्षणी कोणीही ऐकत नसलेल्या कोऱ्या सिग्नलची काळजी जास्त घ्यावी. घडवलेल्या आवाजातला दोष लगेच ऐकू येतो. कोऱ्या ट्रॅकमधला दोष मात्र तो ट्रॅक वापरायला काढला की मगच उघड होतो आणि तोपर्यंत ते वादन पुन्हा मिळणार नसते. एका गाण्याच्या सोलोसाठी मी आवाज बदलायला बसलो, तेव्हा कोऱ्या ट्रॅकमधला प्रत्येक जोरकस आघात वरच्या बाजूने सपाट कापला गेलेला आढळला. अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनखाली वाजवताना त्याची चाहूलही लागली नव्हती. त्या दिवसापासून मी आधी कोरा ट्रॅक तपासतो आणि मग घडवलेला ऐकतो.

कोरा सिग्नल कुठे आणि कसा काढावा

साध्या पिकअपच्या गिटारचा सिग्नल नाजूक असतो. पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, हजारो वेढ्यांची तारेची गुंडाळी. तिचा रोध काही किलोओहम असतो, परंतु वरच्या स्वरपट्टीत, विशेषतः २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे गुंडाळी आणि केबलची धारकता मिळून अनुनाद होतो, तिथे तिचे इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून गिटार ज्या इनपुटला जोडायची, त्याचे इम्पिडन्स सुमारे १ मेगाओहम असावे. इंटरफेसवर, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणावर, ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेले इनपुट याचसाठी असते. तीच गिटार १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली, तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा बोथट होतो आणि तो बोथटपणा नंतरच्या इक्वलायझेशनने खऱ्या अर्थाने भरून निघत नाही, कारण हरवलेली असते ती पिकअपची मूळ अनुनादाची शिखररेषा.

गिटारचा एकच सिग्नल दोन ठिकाणी पोहोचवायचा असल्याने वाटणी करावी लागते. साध्या वाय केबलने वाटणी केल्यास दोन्ही इनपुट समांतर जोडली जातात; १ मेगाओहमची दोन इनपुटे मिळून पिकअपवर ५०० किलोओहमचा भार येतो आणि वरचा चकाकता भाग किंचित उतरतो. भाराहूनही मोठी अडचण अशी, की अ‍ॅम्प आणि संगणक यांची ग्राउंड थेट एकमेकांना जोडली जाते आणि गुणगुण सुरू होते. त्यामुळे डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मायक्रोफोन इनपुटला चालेल असा करून देणारी पेटी, वापरणे केव्हाही चांगले.

डीआय बॉक्स दोन प्रकारचे असतात. पॅसिव्ह बॉक्समध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचे इनपुट इम्पिडन्स अनेकदा १४० किलोओहमच्या आसपास असते. अ‍ॅक्टिव्ह बॉक्समध्ये बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारे मंडल, असतो, तो बॅटरीवर किंवा इंटरफेसकडून मायक्रोफोनच्या केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फॅन्टम पॉवरवर चालतो आणि त्याचे इम्पिडन्स १ मेगाओहम किंवा अधिक असते. साध्या पिकअपच्या गिटारसाठी अ‍ॅक्टिव्ह बॉक्स घ्यावा. गिटारमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल, म्हणजे पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील, तर पॅसिव्ह बॉक्सही चोख काम करतो. पॅसिव्ह बॉक्सचा भार ‘थ्रू’ आउटपुटमधून अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या सिग्नललाही जाणवतो. कारण बहुतेक बॉक्समध्ये ‘थ्रू’ हे इनपुटलाच समांतर जोडलेले असते.

डीआय बॉक्स नसेल आणि इंटरफेसला हाय-झी इनपुट असेल, तर दोन आउटपुट असलेले बफरयुक्त पेडल वाटणीसाठी चालते. बॉस टीयू-३ सारख्या ट्यूनर पेडलना ‘आउटपुट’ आणि ‘बायपास’ अशी दोन तोंडे असतात. एक अ‍ॅम्पकडे आणि दुसरे इंटरफेसकडे नेता येते. ग्राउंडमधून येणारी गुणगुण मात्र या मार्गात सोसावी लागू शकते.

जोडणीचा क्रम

प्रत्यक्ष अ‍ॅम्प आणि मायक्रोफोन वापरताना जोडणी अशी करावी. गिटारची केबल, शक्य तितकी आखूड ठेवून, डीआय बॉक्सच्या इनपुटला लावावी. बॉक्सच्या ‘थ्रू’ आउटपुटमधून दुसरी केबल पहिल्या पेडलकडे आणि तिथून अ‍ॅम्पकडे न्यावी. बॉक्सचे बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट इंटरफेसच्या पहिल्या मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्पला आणि स्पीकरसमोरचा मायक्रोफोन दुसऱ्या प्रीअ‍ॅम्पला जोडावा. फॅन्टम पॉवर लावण्यापूर्वी दोन्ही गेन शून्यावर आणावेत. सगळे चालू केल्यावर गुणगुण ऐकू आली, तर डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका बदलून पाहावा. अ‍ॅम्पच्या विजेच्या प्लगमधली अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कधीही मानू नये. ती पिन जिवाच्या संरक्षणासाठी असते आणि तिला गुणगुणीवरचा उपाय समजणे घातक आहे.

डिजिटल मॉडेलर (अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल रीतीने घडवणारे उपकरण) किंवा मल्टिइफेक्ट पेडल वापरणाऱ्यांचे काम बरेच सोपे होते. अशा अनेक उपकरणांत यूएसबीवर घडवलेल्या आवाजाबरोबर कोऱ्या सिग्नलसाठी वेगळी वाहिनी असते. लाइन ६ हेलिक्समध्ये ती यूएसबी ७ आणि ८ वर, तर एचएक्स स्टॉम्पमध्ये ५ आणि ६ वर मिळते. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्टिरिओ ट्रॅकचे इनपुट यूएसबी १ आणि २ ठेवायचे आणि दुसऱ्या मोनो ट्रॅकचे इनपुट कोऱ्या वाहिनीवर लावायचे, एवढीच जोडणी. हेलिक्स अंतर्गत ४८ किलोहर्ट्झवर चालत असल्यामुळे सत्रही त्याच दरावर ठेवणे सोयीचे. यूएसबीवर कोरी वाहिनी नसलेल्या उपकरणात इफेक्ट लूपचा ‘सेंड’ साखळीत सर्वांत आधी ठेवता येत असेल, तर त्यातून निघणारा सिग्नल कोराच असतो. तो केबलने इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला नेता येतो.

कोणते पेडल वाटणीच्या आधी

सर्व पेडले वाटणीनंतर ठेवावीत, हा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो, तरी त्याला दोन अपवाद आहेत आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला अपवाद पायाने ‘वाजवल्या’ जाणाऱ्या पेडलांचा. वाह, म्हणजे पायाच्या हालचालीने आवाजाचा रंग बदलणारे पेडल, त्याची हालचाल हा वादनाचाच भाग असतो. वादक बोटांच्या आघाताबरोबर पाय दाबतो आणि त्या हालचालीकडे पाहून पुढचा आघात ठरवतो. वाह वाटणीनंतर राहिले, तर कोऱ्या ट्रॅकमध्ये पायाची ती चाल उमटत नाही आणि रीअ‍ॅम्पच्या वेळी कोणालातरी ती नव्याने करावी लागते. ती पहिल्यासारखी क्वचितच जमते. म्हणून वाह, व्हॉल्यूम पेडल आणि सूर वर-खाली नेणारे पेडल मी डीआयच्या आधी ठेवतो. वाहचा पल्ला पुढे बदलता येणार नाही, ही त्याची किंमत, आणि ती मला मान्य आहे.

दुसरा अपवाद जुन्या धाटणीच्या फझचा, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलचा. फझ फेस प्रकारच्या मंडलाचे इनपुट इम्पिडन्स फार कमी असते आणि ते गिटारच्या पिकअपशी, व्हॉल्यूमच्या बटणाशी थेट व्यवहार करते; बटण जरा खाली आणताच फझ स्वच्छ होत जातो, तो याचमुळे. मध्ये बफर आला किंवा गिटारच्या जागी रीअ‍ॅम्प बॉक्स आला, की तो व्यवहार बदलतो आणि आवाज कर्कश होऊ शकतो. फझ हाच त्या भागाचा जीव असेल, तर कोरा सिग्नल फझनंतर घ्यावा आणि अ‍ॅम्प, स्पीकर, मायक्रोफोन यांची निवड तेवढी पुढे ढकलावी.

डिले, रिव्हर्ब, कोरस, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह ही सारी वाटणीनंतर. कोऱ्या ट्रॅकवर इंटरफेसमधले गेट, इक्वलायझर किंवा ‘सॉफ्ट क्लिप’ सारखी सोयही बंद असावी.

पातळी लावणे

गेन लावताना गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवावा आणि त्यात पाम म्यूट (तळहाताच्या कडेने तारा दाबून मारलेले आघात) असतील, तर तेच वाजवावेत. ध्वनिरेषा मोठी करून पाहिली, तर कारण लक्षात येते. जाड तारेवर पाम म्यूट केला, की पहिल्या काही मिलिसेकंदांत एक उंच, टोकदार सुळका उठतो आणि त्यामागून येणारा सूर त्याच्या निम्म्या उंचीचाही नसतो. कान सूर ऐकतो आणि मीटरची सरासरी सुरातच अडकते. क्लिप होतो, म्हणजे वरून कापला जातो, तो सुळका. म्हणून शिखर दाखवणारे मीटर पाहावे आणि सर्वांत उंच आघात उणे १२ ते उणे ८ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटल मीटरची कमाल मर्यादा) दरम्यान राहील, असा गेन ठेवावा. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणाचा सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डेसिबल असल्यामुळे एवढी जागा मोकळी सोडल्याने काहीही गमावत नाही. रंगात आलेला वादक तपासणीच्या वेळेपेक्षा जोरात वाजवतो, हे गृहीतच धरावे. जोरकस हंबकरचा (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा) सिग्नल गेन पूर्ण खाली असतानाही क्लिप होत असेल, तर डीआय बॉक्सवरचा ‘पॅड’ लावावा.

एकदा लावलेला गेन सबंध गाण्यासाठी, आणि शक्य असल्यास सबंध प्रकल्पासाठी, तसाच ठेवावा. ध्रुवपदाचे ट्रॅक एका पातळीवर आणि कडव्याचे दुसऱ्या पातळीवर घेतले, तर रीअ‍ॅम्प करताना अ‍ॅम्प दोन वेगवेगळ्या गिटार जोडल्यासारखा वागतो. गेनच्या बटणाचा आकडा लिहून ठेवावा.

शांततेचीही तपासणी करावी. सगळ्या तारा हाताने दाबून दहा सेकंद ध्वनिमुद्रण करावे आणि कोरा ट्रॅक मोठ्या आवाजात ऐकावा. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे, पिकअप संगणकाच्या पडद्यांतून, विजेच्या अ‍ॅडाप्टरमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून गुणगुण उचलतात. खुर्ची थोडी फिरवली, तरी ती ठळकपणे कमी-जास्त होते. कोऱ्या ट्रॅकमध्ये अगदी क्षीण वाटणारी गुणगुण पुढे हाय गेन अ‍ॅम्पमध्ये शिरली, की सुरांइतकीच वर येते. म्हणून बसण्याची जागा याच वेळी शोधावी.

ध्वनिमुद्रण

सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकत्र आर्म (ध्वनिमुद्रणासाठी सज्ज) करावेत, एकाच गटात बांधावेत आणि स्पष्ट नावे द्यावीत, उदाहरणार्थ ‘रिदम डावी कोरा’ आणि ‘रिदम डावी अ‍ॅम्प’. वादकाला मात्र फक्त घडवलेला आवाज ऐकवावा आणि कोरा ट्रॅक म्यूट ठेवावा. आवाज पुढे बदलायचाच आहे, तेव्हा आत्ता कोणताही चालेल, असे समजून वादकाला कोऱ्या किंवा कशाबशा आवाजावर वाजवायला लावणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक आहे. कान ऐकतो तसा हात वाजवतो. गेन भरपूर असेल, तर वादक हलका आघात करतो आणि सूर लांबवतो. गेन नसेल, तर तोच वादक जोर लावतो आणि सूर लवकर सोडतो. म्हणजे आत्ताचा आवाज हातांमार्फत कोऱ्या ट्रॅकमध्येही उतरतोच. अंतिम आवाजाच्या जवळचा आवाज वादकाला मिळालाच पाहिजे.

आवाज प्लगइनमधून, म्हणजे संगणकातल्या अ‍ॅम्पमधून, ऐकायचा असेल, तर सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या सॅम्पलचा साठा, लहान ठेवावा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि जाता-येता तो दुप्पट होऊन त्यावर कन्व्हर्टरचा वेळ चढतो. खरा अ‍ॅम्प किंवा मॉडेलर थेट ऐकणाऱ्याला हा विलंब सोसावा लागत नाही.

अ‍ॅम्पच्या मोठ्या आवाजाने तार आपोआप कंप पावून मिळणारा फीडबॅक कोऱ्या ट्रॅकमध्ये उमटतो. कारण ती तारेचीच हालचाल असते. पण रीअ‍ॅम्पच्या वेळी नवा फीडबॅक निर्माण होणार नाही, कारण समोर गिटार नसते. तसा सूर हवा असेल, तर तो आत्ताच, अ‍ॅम्पच्या खोलीत उभे राहून घ्यावा.

पहिला टेक (वादनाची एक फेरी) झाल्यावर थांबावे. कोरा ट्रॅक एकट्याने ऐकावा, शिखरांची पातळी पाहावी, मधेच केबल कुरकुरत नाही ना, याची खात्री करावी आणि त्यावर एखादे अ‍ॅम्प प्लगइन लावून पाहावे. कोऱ्या आवाजात न जाणवलेला मोकळ्या तारांचा सरसर आवाज आणि दोन तारांमधला किंचित बेसूरपणा गेन वाढताच उघडा पडतो. सुरात नसलेली गिटार कोणताही अ‍ॅम्प सुरात आणू शकत नाही. म्हणून प्रत्येक टेकआधी ट्यून करावे.

संपादन करताना दोन्ही ट्रॅक एकत्रच कापावेत. जोडांवर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा चढणे) द्यावा आणि जोड नेहमी गेनसह ऐकून पारखावा.

पुन्हा अ‍ॅम्पमध्ये

इंटरफेसचे लाइन आउटपुट आणि गिटार यांत पातळीचा आणि इम्पिडन्सचा फरक असतो. व्यावसायिक लाइन पातळी, म्हणजे अधिक ४ डीबीयू, ही सुमारे १.२३ व्होल्ट असते आणि तिचे आउटपुट इम्पिडन्स अगदी कमी असते. रीअ‍ॅम्प बॉक्स हा बॅलन्स्ड सिग्नल घेऊन त्याची पातळी गिटारइतकी खाली आणतो, इम्पिडन्स वाढवतो आणि ट्रान्सफॉर्मरमुळे ग्राउंड वेगळे ठेवतो. बॉक्स नसेल, तर पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा जोडून काम भागते; मात्र लाइन आउटपुटची पातळी बरीच खाली ठेवून सुरुवात करावी. अ‍ॅक्टिव्ह डीआय उलटा वापरता येत नाही.

कोऱ्या ट्रॅकचे आउटपुट मास्टरमधून काढून स्वतंत्र लाइन आउटपुटला, उदाहरणार्थ ३ ला, द्यावे, म्हणजे मास्टरवरचा लिमिटर त्याला लागणार नाही. त्या आउटपुटमधून बॉक्सकडे, तिथून पेडल आणि अ‍ॅम्पकडे, आणि मायक्रोफोनमधून नव्या ट्रॅकवर, असा मार्ग होतो. नव्या ट्रॅकचे आउटपुट चुकूनही ३ वर जाऊ देऊ नये. तसे झाल्यास सिग्नल गोल फिरत राहून स्पीकर किंचाळू लागतो.

बॉक्सची पातळी कानाने लावण्यापेक्षा मोजून लावावी. ध्वनिमुद्रण केलेली जोडणी आणि गेन तसाच ठेवून गिटारच्या जागी रीअ‍ॅम्प बॉक्सचे आउटपुट डीआय बॉक्सच्या इनपुटला लावावे, ‘थ्रू’ मधली अ‍ॅम्पकडची केबल काढू नये आणि कोरा ट्रॅक वाजवून नव्या मोनो ट्रॅकवर परत ध्वनिमुद्रित करावा. नव्या ट्रॅकची शिखरे मूळ ट्रॅकच्या शिखरांशी जुळेपर्यंत बॉक्सचे बटण फिरवावे. दोन्ही आकडे सारखे झाले, की अ‍ॅम्पला गिटारने दिली असती तेवढीच पातळी मिळते. त्या बटणाची जागा चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. मॉडेलरमध्ये यूएसबीवरूनच रीअ‍ॅम्प करताना ही मोजणी लागत नाही; प्रीसेटचे इनपुट यूएसबी वाहिनीवर वळवले आणि कोऱ्या ट्रॅकचा फेडर शून्य डेसिबलच्या खुणेवर ठेवला, की पुरे.

वेळ आणि पोलॅरिटी

नवा ट्रॅक जुन्या अ‍ॅम्पच्या ट्रॅकऐवजी वापरायचा असेल, तर थोडासा उशीर खपून जातो. दोन्ही मिसळायचे असतील, तर मात्र तो उशीर आवाज पोकळ करतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मायक्रोफोन स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर ०.८७ मिलिसेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४२ सॅम्पल, आणि ३ सेंटिमीटरवर असेल, तर जेमतेम ४ सॅम्पल उशीर होतो. कन्व्हर्टरचा विलंब यात वेगळा मिळवावा लागतो आणि सॉफ्टवेअरची भरपाई नेहमीच अचूक नसते. म्हणून कोऱ्या ट्रॅकच्या आधी, गाणे सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या जागेत, एक टोकदार टिचकी ठेवावी. ती रीअ‍ॅम्पमधून परत आली, की दोन टिचक्यांमधले सॅम्पल मोजून नवा ट्रॅक तेवढा आधीच्या बाजूला सरकवावा. त्यानंतर पोलॅरिटी (ध्वनिरेषेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐकावे आणि खालचा भाग ज्या बाजूने भरदार लागेल, ती बाजू ठेवावी.

जुना अ‍ॅम्प ट्रॅक नवा आवाज पसंत पडल्यावरही पुसू नये. वादकाच्या मनात कोणता आवाज होता, याचा तोच एकमेव पुरावा असतो, आणि काही भागांत तोच शेवटी सरस ठरतो.

प्रकल्प दुसऱ्या कोणाकडे रीअ‍ॅम्पसाठी पाठवायचा असेल, तर प्रत्येक कोरा ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून सलग, मोनो, २४ बिट वेव्ह फाइल म्हणून काढावा, कोणतेही नॉर्मलायझेशन लावू नये आणि सोबत टेम्पो, सॅम्पल दर, ट्यूनिंग, पिकअपचा प्रकार, टिचकीची जागा आणि घडवलेल्या आवाजाचा एक साधा मिक्स द्यावा.